गाडीवरची लगीनसराई

नंदुरबार स्टेशनवर उतरलं की आधी नाकाला कळतं आपण कुठे आलो ते. सुरतेकडून आलेली गाडी थांबते, दार उघडतं आणि हवेतली मिरची आत शिरते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर अजून मिरच्या वाळत पडलेल्या असतात, नजर जाईल तिथवर लाल. परगावचे लोक घाईने रुमाल काढतात आणि इथले त्यांच्याकडे पाहून गालातल्या गालात हसतात. यंदा फाल्गुनात मी उतरले आणि रिक्षात बसेपर्यंत मला शिंकांवर शिंका आल्या. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"मॅडम, पुण्याहून का?"

"नही भो, रनाळानी शे मी."

"मंग शिंका कसाले येतस?" तो म्हणाला, आणि मला पुन्हा शिंक आली.

रनाळ्याच्या रस्त्याला लागलो. गहू बहुतेक काढून झाला होता, शेतं भुरी दिसत होती. कुठल्या तरी गावातून, झाडांच्या पलीकडून, स्पीकर तपासल्याचा आवाज आला. "हॅलो... हॅलो... चेक." मग कुणीतरी कीबोर्डवर बोटं फिरवली, वरून खाली, खालून वर. माझी बोटं मांडीवर आपोआप हलू लागली. इतकी वर्षं मी मोठमोठ्या मंचांवर चढते आहे, पण तिथे ती अशी न विचारता हलत नाहीत. ही खोड फक्त ह्या ऋतूची आहे. लगीनसराई लागली होती.

माझं काम गावात समजावून सांगणं अवघड जातं. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, स्पीकर लादलेली गाडी. मी डीजे आहे म्हटलं की लोक विचारतात, गाडी कोणती? माझ्याकडे गाडी नाही. एक लॅपटॉप आहे, हेडफोन आहेत, पाठीवरच्या पिशवीत मावतील एवढी यंत्रं आहेत. मी त्यांच्यातून नाचायचं संगीत तयार करते आणि ते गोव्याच्या किनाऱ्यावर, बर्लिनमध्ये, ॲमस्टरडॅममध्ये लोकांसमोर वाजवते. पोस्टरवर माझं नाव असतं 'कवू'. परदेशातले लोक त्याचा अर्थ विचारतात. अर्थ काही नाही. कविता हे नाव हाक मारायला लांब पडतं म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते तोडून जवळ केलं, इतकंच.

मात्र माझ्याकडे कधीच गाडी नव्हती असं नाही. एका उन्हाळ्यापुरती होती.

आप्पा शेती करत आणि लगीनसराईत बॅन्ड चालवत. एका जुन्या टेम्पोवर त्यांनी लोखंडी सांगाडा उभा केला होता. त्यावर स्पीकर, मागे जनरेटर, पुढे कीबोर्ड, ढोलवाला आणि गायक. आमच्याकडच्या वरातींना टिमली लागते. टिमली म्हणजे एकमेकांच्या कमरेत हात घालून, ओळ करून, गोल फिरत नाचायचं; त्यासाठी कीबोर्डवर एक लहानशी धून फिरत ठेवायची आणि खाली ढोल. डोंगरातून ती खाली सपाटीवर आली आणि मग सगळ्यांचीच झाली. आप्पांच्या बॅन्डची टिमली पंचक्रोशीत नावाजलेली होती, आणि त्याचं श्रेय कीबोर्डवर बसणाऱ्या मास्तरांना होतं. मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले त्या वर्षी होळीच्या तोंडावर हे मास्तर सीमेपलीकडच्या, गुजरातेतल्या एका मोठ्या बॅन्डमध्ये निघून गेले.

आप्पांनी सगळ्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. लोकांच्या घरी लग्नं ठरलेली, पत्रिका छापलेल्या. दुसरा कीबोर्डवाला मिळेना, कारण ऋतूच्या सुरुवातीला मोकळा कीबोर्डवाला मिळतच नाही. आप्पा ओट्यावर बसून राहत. जेवायला हाक मारली की "येस", म्हणजे येतो, म्हणत आणि येत नसत. एक दिवस दुपारी मी टेम्पोवर चढले, कीबोर्डवरचं फडकं काढलं आणि मास्तर वाजवत ती धून वाजवली. ती मला येत होती. लहानपणापासून ओट्यावर अभ्यास करताना मी तीच ऐकत आले होते. आप्पा उठून टेम्पोपाशी आले आणि सांगाड्याला धरून उभे राहिले.

"तुले कोनी शिकाडं?"

"कोणी नाही."

त्या दिवशी मात्र ते वेळेवर जेवले.

मायला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "लोकेसन्या आंडेरी मांडवमा बसतस," ती म्हणाली, "मन्ही गाडीवर चढी ऱ्हायनी." आंडेर म्हणजे लेक. मग दोन दिवस ती आप्पांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहिली वरात होती. मी निघाले तेव्हा तिने आप्पांचं उपरणं पाण्यात बुडवून पिळलं आणि माझ्या डोक्याला, कानांना, हनुवटीखालून घट्ट बांधलं. गाठ मारताना तिच्या बोटांत राग होता. "कायी पडशी," काळी पडशील, एवढंच म्हणाली. त्यानंतर प्रत्येक वरातीला ते ओलं उपरणं तिनेच बांधलं.

त्या उन्हाची आठवण मला आजही कातडीवर आहे. टेम्पोचं लोखंड असं तापायचं की चुकून कोपर टेकलं तर चटका बसायचा. जनरेटरच्या धुराचा वास, गुलालाचा वास, नवरदेवाच्या घोड्याचा वास. रस्त्याकडेला पळस फुललेले. कीबोर्डच्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या पट्ट्यांपेक्षा जास्त तापतात, हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं.

पहिल्या वरातीत मी सगळं बरोबर वाजवलं आणि कुणी नाचलं नाही. म्हणजे थोडे नाचले, थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. ओळ जमायची आणि तुटायची. मला रडू येत होतं. माझ्या शेजारी माईक धरून रमिला उभी होती. रमिला धडगावकडच्या एका पाड्यावरची, माझ्याहून थोडी मोठी. घरी पावरी बोलणारी, आश्रमशाळेत शिकलेली म्हणून माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलणारी. ती घरच्यांबरोबर मिरचीच्या कामाला खाली उतरायची. आदल्या वर्षी पथारीवर देठं खुडताना ती गात होती, ते आप्पांनी ऐकलं आणि तिच्या वडिलांना विचारून तिला बॅन्डमध्ये घेतलं. वरात संपल्यावर आम्ही टेम्पोच्या सावलीत बसलो, तेव्हा ती म्हणाली,

"कवू, तू गाणं संपवतेस."

"मग? संपवायचं नाही?"

"लोक नाचत असताना कसं संपवायचं? त्यांचं अजून झालेलं नसतं."

"मग कधी संपवायचं?"

तिने खांदे उडवले. "ते दमतील तेव्हा. त्यांच्याकडे बघत जा. तू बोटांकडे बघतेस."

पुढच्या वरातीत मी मान वर केली. समोर माणसांची ओळ होती. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांचे खांदे एकाच उंचीवर हलणारे. एक धून संपत आली की मी तिच्याच शेपटातून दुसरी काढली. ढोल थांबू दिला नाही. कुणाचं पाऊल जड झालं की धून हलकी केली, ओळ सैल पडली की एक सूर वर चढवला. वेशीपासून मांडवापर्यंत ओळ तुटली नाही. रमिला गाताना माझ्याकडे बघून हसली. तिचा एक दात किंचित पुढे होता, तो हसताना आधी दिसायचा.

पुढे पुण्यात मी ध्वनीचं शिक्षण घेतलं, तेव्हा सरांनी हीच गोष्ट फळ्यावर आकृती काढून शिकवली. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात कसं जायचं, ताण कुठे वाढवायचा, कुठे सोडायचा. मी वहीत उतरवून घेतलं, पण माझ्या डोळ्यांसमोर ती वेशीची वाट होती.

त्या उन्हाळ्यातली एक दुपार मी कितीदा तरी मनात पुन्हा जगले आहे. तापीकाठचं एक गाव, मोठं घर, वरात निघालेली. नवरदेवाचे काका पुढे आले, पांढरे कपडे, हातात छत्री. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि आप्पांना बाजूला बोलावलं, पण आवाज असा की सगळ्यांनी ऐकावा.

"आप्पा, पोरीसले खाल उतारा. आमना घरनं लगीन शे, तमाशा नही."

आप्पा हळू बोलणारा माणूस. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. ते गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी जनरेटर बंद केला. माझ्या बोटांखालचा आवाज नाहीसा झाला. इतकी शांतता झाली की घोड्याच्या शेपटीचा फटकारा ऐकू आला.

"सुपारी तुम्ही बॅन्डले दिधी," आप्पा म्हणाले. "बॅन्ड हाऊच शे. पोरी उतरन्यात तं गाडी बी परत जाई."

आता काय होईल ते सगळ्यांना कळत होतं. गाडी परत गेली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्यात बोभाटा झाला असता आणि उरलेल्या सुपाऱ्या एकेक करून परत गेल्या असत्या. ऋतू तिथेच संपला असता. काका हलेनात, आप्पा हलेनात. ऊन डोक्यावर. नवरदेव घोड्यावर घामाने निथळत होता आणि कुणाकडे बघावं ते त्याला कळत नव्हतं. मी रमिलाकडे पाहिलं. मला वाटलं ती उतरेल. परक्या गावात, परक्या माणसांत, तिला अपमानाची सवय असेल असं मला वाटलं होतं.

रमिलाने मेलेला माईक कीबोर्डवर ठेवला आणि तशीच गायला लागली. उघड्या आवाजात, सपाटीवरच्या लग्नात म्हणतात ते हळदीचं गाणं. आवाज लहानच होता, पण त्या शांततेत पुरेसा होता. ढोलवाल्याने आधी नुसत्या बोटांनी, मग तळव्याने साथ धरली. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी दुसरी ओळ उचलली, मग सगळ्यांनीच. वरमाय पुढे आली. जाडजूड बाई, हातात विणलेला पंखा. ती काकांना म्हणाली,

"भाऊ, मन्हा पोरनं लगीन शे. चालू द्या आते. पोर वाळी जाई घोडावर."

लोक हसले. त्या हसण्यात काकांचं म्हणणं वाहून गेलं. आप्पांनी जनरेटर सुरू केला. काका वरातीच्या पुढे छत्री धरून चालत राहिले. शेवटपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पण वरात मांडवापाशी पोचली तेव्हा त्यांनी एका माणसाबरोबर गार पाण्याची कळशी गाडीवर धाडली. आम्ही दोघींनी ओंजळीने पाणी प्यायलं आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं.

त्यानंतर लोक सुपारी द्यायला येताना विचारू लागले, "पोरीसना बॅन्ड तोच ना?" तळोद्याकडून, शहाद्याकडून बोलावणी आली. शेजारणीने मायला विचारलं, तेव्हा तिने सांगितलेलं मी आतून ऐकलं. "मन्ही आंडेर वाजाडस," ती म्हणाली, आणि मग विषय बदलून पापडांवर आली.

लग्नाची शेवटची तिथी झाली. आप्पांनी टेम्पो विहिरीवर नेऊन धुतला. गुलाल लोखंडाच्या सांध्यांत बसलेला, तो निघता निघेना. रमिला आणि मी काठावर पाय सोडून बसलो होतो. मला पुण्याला प्रवेश मिळाला होता.

"तू पण चल," मी म्हटलं. "दोघी मिळून करू काहीतरी. तू गा, मी वाजवते."

"माझा नर्सिंगला नंबर लागलाय, नाशिकला." तिने ते फार आधीपासून जपून ठेवलं असावं. "आमच्या पाड्यावर बाई अडली की झोळी करून खाली आणतात. कधी वाटेतच होतं सगळं. मला ते काम करायचंय."

"आणि गाणं?"

"गाणं काय, येईल की बरोबर. त्याला कुठे वेगळं तिकीट लागतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धडगावच्या एसटीत बसली. खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझ्या डोक्याला टपली मारली. मला तेव्हा वाटलं होतं, पुढच्या लगीनसराईला भेटूच. पुढच्या लगीनसराईला मी पुण्यात होते, ती नाशिकला, आणि आप्पांनी दुसरा कीबोर्डवाला ठेवला होता.

पुण्याची सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. हॉटेलात लोक जेवत असताना कोपऱ्यात वाजवलं. रिकाम्या सभागृहात, मुख्य कलाकार यायच्या आधी, खुर्च्या लावणाऱ्यांसाठी वाजवलं. दुसऱ्यांसारखं वाजवायचा प्रयत्न केला, तो चांगला जमला, आणि चांगला जमूनही कुणाच्या लक्षात राहिला नाही. मग एका उन्हाळ्यात, खोलीतला पंखा बंद पडलेला असताना, मी घामाने भिजत संगणकावर टिमली रचायला बसले. ढोल बोटांनी टेबलावर वाजवून घेतला. धून फिरत ठेवली. पण त्यात आवाज हवा होता आणि तो एकच होता.

रमिला तोवर डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स झाली होती. तिथे फोनला रेंज फक्त दाराच्या पायरीवर मिळे. ती पायरीवर बसून फोनमध्ये गायली आणि मला पाठवलं. मागे एक कोंबडी ओरडत होती. मी ती काढून टाकायला गेले, पण तिचा आवाज नेमका ढोलाच्या मधल्या जागेत पडत होता. राहू दिली. त्या रचनेवर आम्हा दोघींची नावं आहेत. तीच रचना मला गोव्याला घेऊन गेली, मावळत्या उन्हात, वाळूवर, आणि तिथून पुढे जगभर. ज्यांना आमच्या भाषेतला एक शब्द कळत नाही असे लोक त्या कोंबडीपाशी आले की हात वर करून ओरडतात. मी हे रमिलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोंबडी खरंच चांगली गायली आहे."

मुलाखती घेणारे विचारतात, हे जंगलातलं प्राचीन संगीत तुम्हाला कुठे सापडलं? मी सांगते, डिझेलच्या जनरेटरवर चालणाऱ्या टेम्पोवर. ते हसतात आणि छापताना जंगलच छापतात.

आप्पा एकदाच माझा कार्यक्रम बघायला पुण्याला आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. पूर्ण वेळ ते ध्वनियंत्रणेच्या टेबलापाशी हाताची घडी घालून उभे होते. नंतर मी विचारलं, कसं वाटलं? त्यांनी नीट विचार केला. "बेस भलता शे," ते म्हणाले, "पन आवाज फाटस नही." एवढं कौतुक मला नंतर कुणी केलेलं नाही.

आता टेम्पो विकला गेला आहे. आप्पांना ऐकू कमी येतं. यंदा घरी पोचले तेव्हा ते ओट्यावरच होते.

"आते कोणता देशमा जाई ऱ्हायनी?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"धडगावले," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. ते हसले ते खोकला येईपर्यंत.

रमिलाच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तिने फोनवर बजावलं होतं, "काही आणू नको. वाजवायला माणसं आहेत. तू नुसती ये."

तोरणमाळच्या बाजूला चढणाऱ्या वळणांवर मोहाची फुलं पडली होती. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या, आणि सगळ्या घाटात तो गोड, जडसर वास. पाड्यावर पोचले तेव्हा दुपार कलत होती. पिकअपवर बॅन्ड होता. स्पीकर आप्पांच्यापेक्षा कितीतरी मोठे, आणि कीबोर्डवर काळा गॉगल लावलेली एक मुलगी. माझे पाय आपोआप गाडीकडे वळले. मी गाडीच्या चाकापाशी जाऊन उभी राहिले, जिथे मला उभं राहता येतं तिथे. मुलगी धून कशी बदलते ते बघत राहिले. छान बदलत होती.

रमिला मागून आली. केस पांढरे व्हायला लागलेले, तो दात तसाच. तिने माझं मनगट धरलं आणि सरळ ओळीत नेऊन उभं केलं.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"काय येत नाही?"

"नाचता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही ते तेव्हाच उमगलं. इतक्या वरातींत, इतक्या देशांत, मी कायम गाडीवर होते. टिमली माझ्या बोटांत इतकी वर्षं होती, ती पायांपर्यंत कधी उतरलीच नव्हती.

डावीकडून रमिलाने कमरेत हात घातला, उजवीकडून तिच्या मावशीने. मावशी माझ्या खांद्याएवढी, हात मात्र लाकडासारखा. ओळ निघाली आणि मी पहिल्याच पावलाला चुकले. उजवा पाय मागे जायचा तेव्हा माझा पुढे. ताल मला कळत होता, पुढे काय येणार तेही कळत होतं, आणि पाय भलतीकडेच पडत होते. मावशीने मान वाकडी करून रमिलाला पावरीत काहीतरी विचारलं. रमिला हसायला लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, ही कुठल्या गावची? हिच्या गावात लग्नं होत नाहीत का?"

मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. धूळ उडत होती, त्यामुळे कुणाला काही दिसलं नसावं. मावशीने आपल्या गुडघ्याने माझ्या गुडघ्याला मागून हलकेच ढकललं, पाऊल कधी टाकायचं ते सांगायला. एका फेरीत जमलं, पुढच्या फेरीत पुन्हा चुकलं. गाडीवरच्या मुलीने धून वर चढवली, ओळीचा वेग वाढला, आणि माझ्या पायांचा गोंधळ झाला. मावशीने माझ्या कमरेवरची पकड थोडी घट्ट केली आणि मला घेऊन तशीच पुढे फिरत राहिली.